विसाराच्या आधी वकील

घर घेताना वकिलाकडे कधी जायचे? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते: कागद करायच्या दिवशी. आधी एजंट घर दाखवतो, मग घरातली मोठी माणसे जाऊन भाव करतात, बिस्मिल्लाह म्हणून लाख-दोन लाखांचा विसार दिला जातो, मिठाई वाटली जाते, आणि मग कोणीतरी विचारते, "वकील कोण बघायचा?" त्यावर एजंटच म्हणतो, "माझा आहे ना, तो सगळं करून देईल." त्या दिवशी वकील येतो तो सही कुठे करायची हे दाखवायला. त्याने कागदात काही खोट काढलीच, तरी विसार अडकलेला असतो, त्यामुळे ती खोट कोणालाच ऐकायची नसते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे चौक मंडई, बागवानपुरा, कथडा या भागांतले पालक मुलांचा निकाल घ्यायला येताना कधी कधी एखादा जुना कागदही सोबत आणतात. दादांच्या काळचा उर्दूत लिहिलेला हिबानामा असतो, कधी घरातल्या वाटणीचे टिपण असते. "बाई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." मी वाचून दाखवते. अक्षर लागते, अर्थही लागतो. पण त्या कागदाने घर कोणाचे झाले हे सांगणे माझे काम नाही, ते वकिलाचे. आणि तो वकीलही असा हवा, ज्याला हिबा म्हणजे काय, फराईज म्हणजे काय हे कळते. घरखरेदीवर वर्तमानपत्रांत जे सल्ले छापून येतात त्यांत नेमकी हीच बाजू नसते, म्हणून हा लेख.

वकील नेमका कोणाचा?

एका व्यवहारात तीन-तीन वकील वावरत असतात आणि त्यांतला एकही आपला नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बिल्डरचा वकील बिल्डरचा करारनामा लिहितो. त्याची फी भले आपल्याकडून घेतली जात असेल, त्याचा पक्षकार बिल्डरच. बँकेच्या यादीवरचा वकील कर्ज मंजूर होण्यापूर्वी कागद तपासतो, पण त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढेच तो पाहतो. तो अहवाल पुष्कळदा आपल्या हातातही पडत नाही. एजंटने आणलेल्या वकिलाला पुढची दहा कामे त्या एजंटकडूनच मिळणार असतात. या मंडळींना मी वाईट म्हणत नाही, ते आपापले काम करतात. वकिलांच्या वर्तनाचे नियम बार कौन्सिलने घालून दिलेले आहेत, आणि एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच कामात समोरच्या पक्षाच्या वतीने उभे राहू नये, असा त्या नियमांचा रोख आहे. "दोघांत मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल" हा प्रस्ताव म्हणूनच कितीही गोड वाटला तरी स्वीकारू नये.

आपल्या घरांची यात एक खास गोष्ट आहे. व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे बँकेचे कर्ज काढत नाहीत. वर्षानुवर्षांची बचत, मोडलेले दागिने, आखातातल्या भावाने पाठवलेली रक्कम, नातेवाइकांनी दिलेले कर्जे-हसना, असे जमवून घर घेतले जाते. नियत चांगलीच आहे. पण त्याचा एक परिणाम असा होतो, की बँकेचा वकील जी किमान तपासणी करतो तीही होत नाही. कर्ज काढणाऱ्याच्या कागदांवरून निदान एका परक्या माणसाची नजर फिरते. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याच्या कागदांवरून कोणाचीच नाही. ज्यांनी कर्ज नको असे ठरवले आहे त्यांनी वकिलाच्या फीत काटकसर अजिबात करू नये.

पैशांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. घराच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे प्राप्तिकर कायद्याला मंजूर नाही, आणि घेतलीच तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "निम्मे चेकने, निम्मे वरून" असा सल्ला वकीलच देऊ लागला, तर तो कोणाची सोय बघतो आहे ते ओळखावे. वरून दिलेल्या पैशांचा पुरावा उद्या वाद झाल्यावर कुठून आणणार? सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, हे एका लांबलचक आयतीत सांगितले आहे. आपण ती आयत ऐकतो आणि कच्च्या चिठ्ठीवर लाखो रुपये देतो.

आधी वारस, मग उतारा

समजा, जुन्या नाशकातले एक घर विकायला निघाले आहे. मालक मरहूम. मागे बेवा, दोन मुलगे, तीन मुली. मालकाचे आईवडील आधीच गेलेले. शरीयतप्रमाणे हिशेब करा. बेवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे घराचे आठ भाग केले तर आईचा एक, दोन मुलग्यांचे दोन-दोन, तीन मुलींचा एक-एक. हिशेब पुरा.

आता नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ते काढून पाहा. पुष्कळदा तिथे फक्त दोन मुलग्यांची नावे सापडतात. बहिणींची नावे "नंतर लावू" म्हणून राहून गेलेली. एजंट म्हणतो, "दोघे भाऊ सही करतायत, झालं." झाले नाही. भावांची विक्री भावांच्या चार हिश्श्यांपुरती. उरलेले निम्मे घर आई आणि बहिणींचे आहे, पत्रकावर नाव असो वा नसो, कारण अशी सरकारी नोंद मालकी निर्माण करत नाही. आपल्या कायद्यात मालकाने डोळे मिटताच प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो, आणि मोठा भाऊ केवळ घरातला कर्ता म्हणून इतरांचे हिस्से विकू शकत नाही. बहीण मालेगावात दिलेली असो की मुंब्र्यात, काही वर्षांनी तिने किंवा तिच्या मुलांनी दावा लावला तर कोर्टाच्या पायऱ्या खरेदीदाराला चढाव्या लागतात. विकणारे भाऊ तोवर पैसे वाटून घेऊन मोकळे झालेले असतात.

वकिलाची पहिली परीक्षा इथेच होते. चांगला वकील उतारा बघतोच, पण त्याआधी विचारतो: मालक कधी वारले? तेव्हा त्यांची आई हयात होती का? निकाह किती झाले होते? मुली किती, कुठे दिल्या? एखादी मुलगी वडिलांच्या मागून वारली असेल तर तिचा नवरा आणि मुले कोण? हा शेवटचा प्रश्न फार थोडे वकील विचारतात, आणि तिचा हिस्सा मात्र तिच्या वारसांकडे गेलेला असतो. वडिलांच्या आधीच एखादा मुलगा वारला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. रोज हिंदू वारसा कायद्याचे दस्त करणारा वकील सवयीने नातवांची नावे घालतो. आपल्याकडे चुलते हयात असतील तर नातवाला दादांचा वारसा मिळत नाही. त्याच्यासाठी दादांनी हयातीतच हिबा किंवा वसीयत करून ठेवायला हवी होती. शिया कुटुंबांत आणखी फरक आहेत. उदाहरणार्थ, मूल नसलेल्या बेवेला जमिनीत वारसा मिळत नाही, वरच्या बांधकामाच्या किमतीत मिळतो. म्हणून आपण सुन्नी की शिया हेही वकिलाला सांगावे लागते. त्यात संकोच कसला?

वकील मुस्लिमच हवा असे मी मुळीच म्हणत नाही. मुस्लिम कायदा उत्तम जाणणारे हिंदू वकील आहेत, आणि मुस्लिम असूनही वर दिलेला आठ हिश्श्यांचा हिशेब ज्यांना कागदावर मांडता येत नाही असेही आहेत. पहिल्याच भेटीत तुमच्या घरातल्या माणसांची यादी द्या आणि हिस्से विचारा. उत्तरावरून पुष्कळ काही कळते.

याहून नाजूक प्रश्न अज्ञान वारसांचा. नवरा तरुणपणीच गेला, मुले लहान आहेत, घर विकून माहेराजवळ छोटा फ्लॅट घ्यायचा आहे. आईला वाटते, मुले माझी, त्यांची पालक मीच. मुलांच्या संगोपनाची पालक ती आहेच, पण मुस्लिम कायद्यात मुलांच्या मिळकतीची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. तो अधिकार वडिलांचा, मग त्यांनी नेमलेल्या वसीचा, मग दादांचा आणि दादांच्या वसीचा; यांपैकी कोणी नसेल तर कोर्टाने नेमलेल्या पालकाचा. दादांनाही मनाला येईल तशी विक्री करता येत नाही. आईने परस्पर केलेली अज्ञान मुलांच्या हिश्श्याची विक्री मुळातच रद्दबातल, असे प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तेच सांगितले.

मग त्या आईने करायचे काय? 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून आपली नेमणूक करून घ्यायची आणि विक्रीची परवानगी मागायची. वेळ लागतो. मुलांचा पैसा त्यांच्या नावे ठेवा अशी अट कोर्ट घालू शकते, आणि ती योग्यच आहे. हा वेळ धरूनच खरेदीदाराशी बोलणी करावीत. "अज्ञान पालनकर्ती आई असं लिहून सही घेऊ, सगळीकडे चालतं" असे जो वकील म्हणतो, त्याच्या टेबलावरून कागद उचलून उठून यावे. विकणाऱ्या आईनेही उठावे आणि घेणाऱ्यानेही. यतीमाच्या मालाबद्दल कुरआनात किती कडक शब्द आहेत हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता हिबानामा. तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो. देणाऱ्याने दिले असे जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी पुऱ्या हव्यात. हिबा लिहून ठेवला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी प्रकरणात सांगितले आहे. पण याचा अर्थ पेटीतला कागद दाखवला की घर विकता येते असा नाही. तिन्ही गोष्टींत दुबळी बाजू असते ती ताब्याची. अब्बांनी थोरल्याला घर हिबा केले म्हणतात, पण भाडेकरूंकडून भाडे शेवटपर्यंत अब्बाच घेत होते, घरपट्टीही त्यांच्याच नावाने येत होती. मग बहिणी म्हणणार की हिबा झालाच नाही, आणि त्यांचे म्हणणे कोर्टाला ऐकावे लागेल. असे घर घेताना जाणता वकील बाकीच्या वारसांना खरेदीखतात "संमती देणार" म्हणून घेतो, किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून आणायला सांगतो. वसीयतीचेही असेच. सुन्नी कायद्यात एक तृतीयांशाहून जास्त मिळकतीची, किंवा एखाद्या वारसाच्याच नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि ती संमती मृत्यूनंतर दिलेली हवी.

हक्कसोडपत्राबद्दल शिक्षिका म्हणून नव्हे, एक बहीण म्हणून बोलते. मुद्रांक नाममात्र लागतो, काम अर्ध्या दिवसात होते, आणि बहिणी ईदेला आलेल्या असताना "आपा, जरा रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ" म्हणून सह्या होऊन जातात. चांगला वकील तिला भावांपासून बाजूला बसवतो आणि तिच्या भाषेत विचारतो: हिस्सा खुशीने सोडतेस की पैसे घेऊन देतेस? पैसे घेतले असतील तर तसे दस्तात लिहितो. हे तो केवळ तिच्या भल्यासाठी करत नाही. फसवून सही घेतली असे तिने उद्या म्हटले तर तो दस्त आणि पुढची खरेदी दोन्ही अडचणीत येतात. म्हणजे हा प्रश्न विचारणारा वकील खरेदीदाराचेही घर राखतो.

जुन्या नाशकात मशीद, दर्गा, कब्रस्तान यांना लागून घर असेल तर जागा वक्फची तर नाही ना, हे वक्फ मंडळाच्या नोंदींतून पाहून घ्यायला सांगा. मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. वक्फ मिळकत विकता येत नाही, आणि कोणा मुतवल्लीने लिहून दिले म्हणून ती आपली होत नाही.

नाशकातले कागद

गावठाणातल्या वाड्यांचे मालमत्ता पत्रक असते. गावठाणाबाहेरच्या, पूर्वी शेती असलेल्या जमिनींचा सातबारा आणि फेरफार पाहावे लागतात: बिनशेती झाली आहे का, भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते का, इतर हक्कांत कोणाचे नाव, कोणता बोजा. सिडको किंवा म्हाडाचे घर असेल तर हस्तांतराची परवानगी लागते का हे त्या कार्यालयातून लेखी घ्यायचे. जुन्या वाड्यात कोणी भाडेकरू बसलेला असेल तर मालक बदलला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. त्याचे काय ठरले ते कागदावर हवे.

शहराच्या कडेच्या वस्त्यांत अजून "नोटरीची घरे" विकली जातात. मुद्रांकावर मजकूर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सोबत कुलमुखत्यारपत्र. भाव कमी असतो म्हणून रिक्षा चालवणारा, भाजी विकणारा माणूस आयुष्याची कमाई त्यात घालतो. कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. 1882 च्या मिळकत हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि कुलमुखत्यारपत्र, साठेखत यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावून सांगितले. नोटरी फक्त सही कोणी केली एवढे पाहतो. अशा घराबद्दल वकिलाने "घेऊ नका" म्हटले तर त्याने त्याची फी वसूल करून दिली असे समजा.

फ्लॅटच्या बाबतीत मालकी स्वच्छ असूनही घोळ होऊ शकतो. नाशिककरांना कपाटांचा प्रश्न आठवत असेल. मंजूर नकाशात कपाटासाठी दाखवलेली जागा खोलीत घेतल्याने चटईक्षेत्र वाढले, आणि काही वर्षांपूर्वी अशा अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले महापालिकेत अडकून पडले. पैसे भरलेली कुटुंबे मधल्यामध्ये लटकली. मालकीचा शोध घेणाऱ्या अहवालात असली गोष्ट दिसत नाही. त्यासाठी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला शेजारी शेजारी ठेवून वाचणारा वकील लागतो, आणि गरज पडली तर "एकदा आर्किटेक्टलाही दाखवा" म्हणणारा. नवीन प्रकल्पात एक सोय झाली आहे. मे 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नकाशा, जमिनीच्या मालकीचा अहवाल, चालू दावे हे सगळे कोणालाही पाहता येते, आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

वकील पारखताना

वकिलांना जाहिरात करायची बंदी आहे. त्यामुळे मोठी पाटी, व्हॉट्सअॅपवर फिरणारे कार्ड यांवरून काही ठरवू नका. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात शेकडो वकील आहेत. फौजदारी खटले गाजवणारा किंवा तलाकच्या केसेस पाहणारा वकील कितीही नावाजलेला असला तरी घराच्या कागदांसाठी तो बरोबर माणूस असेलच असे नाही. ज्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत आपल्याच भागात घर घेतले त्यांना विचारा. तेही "वकील चांगला आहे का?" असे नाही, तर "त्याने तुम्हाला कधी थांबवले का?" असे. ज्याने कधीच कोणाला थांबवले नाही त्याच्याकडे जाण्यात काय अर्थ आहे?

दस्तलेखक, एजंट आणि वकील यांतला फरक ध्यानात ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेला माणूस दस्त सुबक टाइप करून देईल, पण मालकीबद्दल मत देण्याची जबाबदारी त्याची नाही. वकिलाकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद असते. तिचा क्रमांक "एमएएच" या अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी वर्ष असते. क्रमांक विचारण्यात अपमान नाही. कामात गैरवर्तन झाले तर तक्रारही त्याच कौन्सिलकडे करता येते.

मग काम काय सांगायचे? तीस वर्षांचा शोध आणि लेखी मत. "मी बघितलं, ठीक आहे" हे तोंडी मत घरी नेता येत नाही. लेखी मतावर वकिलाची सही आणि सनद क्रमांक हवा आणि सोबत शोध शुल्क भरल्याची सरकारी पावती हवी. ती पावती म्हणजे शोध खरोखर घेतल्याचा पुरावा. अलीकडचे दस्त संगणकावर सापडतात, जुने सूची-पुस्तकांतून काढावे लागतात, आणि त्यासाठी कोणाला तरी कार्यालयात जाऊन बसावे लागते.

या शोधात आपल्या नावांमुळे एक अडचण येते, ती इतरांना फारशी येत नाही. शेख रहीम शेख करीम अशा नावात आडनाव कोणते? एका दस्तात मोहम्मद, दुसऱ्यात महंमद, तिसऱ्यात नुसते "मो.", बहीण माहेरच्या कागदात एका नावाने, सासरच्या आधार कार्डावर दुसऱ्याच. नुसत्या नावावर शोध घेतला तर निम्मे दस्त निसटतात. म्हणून शोध सर्व्हे क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि फ्लॅट क्रमांकावर घ्यायला सांगा, आणि एकाच माणसाची दोन नावे असतील तर तसे प्रतिज्ञापत्र जोडायला सांगा. दाखल्यावरचे नाव नीट लिहा म्हणून आम्ही शाळेत कानीकपाळी ओरडतो, त्याचे कारण इथे कळते.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे हेही वकिलाचेच काम. ती विसाराआधी किंवा निदान मोठी रक्कम देण्याआधी यावी, आणि नाशकात खरोखर वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात यावी. कोणी वाचत नाही अशा कागदात छापून काय उपयोग? फी आधी ठरवा: शोधाची किती, दस्त लिहिण्याची किती, नोंदणीच्या दिवशी हजर राहण्याची किती, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क यांपासून वेगळी. व्यवहाराच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्या वकिलाबद्दल मी साशंक असते. ज्याची कमाई व्यवहार होण्यावर अवलंबून आहे तो "थांबा" कसे म्हणेल?

दस्त आदल्या रात्री नव्हे, तीन-चार दिवस आधी हातात मागा आणि घरात मोठ्याने वाचा. मराठी वाचणारी मुले प्रत्येक घरात आहेत. चतुःसीमा, क्षेत्रफळ, रकमा, चेक क्रमांक, नावे. न समजलेल्या वाक्याखाली रेघ मारा. "हे नेहमीचंच असतं" हे त्या रेघेचे उत्तर नव्हे.

विकणाऱ्यालाही वकील लागतो, हे आपण विसरतो. घर आपलेच आहे, भीती कसली, असे वाटते. पण साठेखत नोंदवून थोडी रक्कम देऊन वर्षभर झुलवणारे खरेदीदार असतात, आणि नोंदलेले साठेखत फाडून टाकल्याने रद्द होत नाही; दोघांच्या सहीचा रद्दपत्राचा दस्त किंवा कोर्टाचा हुकूम लागतो. पैसे कोणत्या तारखेपर्यंत, चुकले तर काय, ताबा कधी, हे विकणाऱ्याच्या वकिलाने लिहायचे. मूळ कागद कोणालाही "झेरॉक्स काढून आणतो" म्हणून देऊ नका, आणि सगळे अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र तर नाहीच.

भाऊ सौदीत, दुबईत असेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन यावे लागते आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. ते फक्त याच घरापुरते, याच कामापुरते लिहून घ्या. देणारा वारला की ते संपते. मग त्यावर सही केली तर ती चालत नाही. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कर कापण्याचे नियमही वेगळे आहेत. इथल्या माणसाकडून 50 लाख किंवा त्याहून महाग घर घेताना 1 टक्का कापतात, तो हिशेब तिथे लागू पडत नाही, आणि कमी कापला तर खरेदीदार अडकतो. वकिलाबरोबर सीएलाही विचारा.

घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 40 लाखांच्या घरावर 40 हजार वाचतात. चांगलेच आहे. पण घर बायकोच्या नावे झाले म्हणजे ते तिचे झाले. तिच्या मागे मुलांबरोबर तिचे आईवडीलही वारस असतात. सवलत सांगताना ही गोष्टही सांगणारा वकील मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

फी परवडत नाही अशा बेवेने, तलाकशुदा बहिणीने सही करून मोकळे होऊ नये. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यात नुसता सल्लाही येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

नोंदणी झाली म्हणजे वकिलाचे काम संपले असे नाही. त्याच्याकडून मूळ दस्त, सूची क्रमांक 2 ची प्रत, सगळ्या पावत्या, लेखी मत आणि शोध अहवाल मोजून परत घ्या. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर आपले नाव लागले का, घरपट्टी आणि वीजबिल बदलले का, फ्लॅट असेल तर सोसायटीचा भागदाखला नावावर झाला का, हे महिना-दोन महिन्यांनी जाऊन पाहा. आणि त्या फाइलमध्ये पहिल्या पानावर घरातल्या सगळ्या वारसांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते एका कागदावर लिहून ठेवा. मुलींचीही.